कचऱ्याचं बिल जास्त आलंय? नगरपरिषदेत जाण्याआधी चौदा दिवस काटा लावा

फेब्रुवारी 2023 मध्ये आमच्या गाळामालकांनी मालमत्ता कराच्या बिलाची झेरॉक्स माझ्या हातात ठेवली आणि म्हणाले, "ताई, यातलं कचऱ्याचं तेवढं तुमचं तुम्ही बघा." घरपट्टी, दिवाबत्ती, वृक्ष कर, शिक्षण कर या ओळखीच्या रकान्यांखाली एक नवा रकाना होता: घनकचरा उपयोगकर्ता शुल्क. चालू 1,800 रुपये, थकबाकी 1,800, शास्ती म्हणजे थकबाकीवरचा दंड 216. एकूण 3,816.

माझं पोळीभाजी केंद्र कृष्णाकाठच्या एका तालुक्याच्या गावी, एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत आहे. दहा बाय अठराचा गाळा. मी आणि पोळ्या लाटणाऱ्या दोघी. साठ-पासष्ट डबे जातात, बाकी काउंटरवर पोळी, भाजी, आमटी पार्सल. बसून जेवायला एक बाकडंसुद्धा नाही. तोवर मी कचऱ्याचे महिन्याला 60 रुपये देत होते, तेही घंटागाडीबरोबर येणाऱ्या पोराच्या हातात. आता एकदम महिन्याला 150, आणि तेही मागच्या वर्षापासून.

मी त्याच दुपारी नगरपरिषदेत गेले आणि खिडकीवर आवाज चढवला. "एवढं कसं? आम्ही काय कारखाना चालवतो?" कर विभागातला मुलगा शांतपणे म्हणाला, "काकू, दर वरून ठरलेत." मी परत आले. माझा अर्धा दिवस गेला आणि संध्याकाळचे डबे उशिरा निघाले. पुढच्या चार-पाच महिन्यांत काय केलं, कोणत्या क्रमाने केलं आणि त्यातलं काय कामाला आलं, ते लिहिते आहे. आमच्या गल्लीतल्या तेवीस दुकानांपैकी अकरा जणांच्या बिलात काही ना काही चुकलेलं निघालं. तुमच्या गल्लीतही निघेल.

आधी हे समजून घ्या: शुल्क देणं टळत नाही

माझ्याकडे डबा घेणारा एक मुलगा तेव्हा वकिलीचं शिकत होता. त्याने मला पहिल्यांदा नियम वाचायला लावले. घनकचरा व्यवस्थापन नियम 2016 मध्ये स्पष्ट लिहिलं होतं की, कचरा करणाऱ्या प्रत्येकाने स्थानिक संस्थेच्या उपविधीत, म्हणजे तिच्या स्वतःच्या नियमांत, ठरलेलं शुल्क भरायचं. या नियमांची जागा 1 एप्रिल 2026 पासून 2026 च्या नव्या नियमांनी घेतली आहे. त्यात ओला, सुका, सॅनिटरी आणि विशेष काळजीचा (बल्ब, औषधं यांसारखा) असे चार प्रकार वेगळे करायचे आहेत. महाराष्ट्रात 2019 साली नगरविकास विभागाने उपविधी आणि दरांचा तक्ता काढला, आणि बहुतेक नगरपरिषदा त्यावर बोट ठेवून आकारणी करतात. म्हणून "आम्ही भरणारच नाही" असं लिहून दिलेला अर्ज फाइलला लागतो आणि तिथेच पडून राहतो.

पण त्याच मुलाने आणखी एक गोष्ट सांगितली आणि ती मला फार महत्त्वाची वाटते. कर आणि शुल्क वेगळे. कर भरला म्हणून बदल्यात अमुकच मिळेल, असा हिशेब मागता येत नाही. शुल्क मात्र सेवेच्या बदल्यात असतं. सर्वोच्च न्यायालयाने 1954 साली उडुपीच्या शिरूर मठाच्या खटल्यात हा फरक मांडला. पुढच्या निकालांत पैशाला पैसा जुळलाच पाहिजे हा आग्रह सैल झाला, तरी शुल्काचा सेवेशी काहीतरी संबंध असला पाहिजे, हे टिकून राहिलं. म्हणजे घंटागाडी आली का, किती वेळा आली, माझ्याकडून किती कचरा उचलला, हे विचारण्याचा आपला हक्क पक्का आहे.

तेव्हा दर जास्त आहे यावर खिडकीशी भांडू नका. तिथे बसलेल्या माणसाच्या हातात दर बदलणं नसतं. त्याच्या आणि त्याच्या वरच्या साहेबांच्या हातात तीन गोष्टी असतात: तुमची वर्गवारी, तुमच्या नावावरची थकबाकी आणि तुमच्या गल्लीत गाडी येते की नाही. अर्ज या तीनवर करायचा. दराचा प्रश्न वेगळा, तो सगळ्यांनी मिळून लढायचा. त्याबद्दल पुढे सांगते.

बिल नीट वाचा

बिल समोर ठेवा आणि पेन्सिलने खुणा करा. मालमत्ता क्रमांक कोणाचा, भोगवटादार म्हणून कोणाचं नाव, वापर काय लिहिलाय, महिने किती धरलेत, थकबाकी कोणत्या वर्षाची, शास्ती कशावर लावली.

आमच्या गल्लीत काय काय निघालं ते सांगते, म्हणजे तुम्हाला कुठे बघायचं ते कळेल. शिलाईचं काम करणाऱ्या दादांच्या गाळ्याला 'शोरूम' लिहिलं होतं, कारण बाहेर काचेचं दार होतं. सायकलवाल्या काकांचे दोन शटर आहेत, त्यातलं एक करोनापासून बंद. त्याचंही शुल्क लागलं होतं. डॉक्टरीणबाईंचा साधा दवाखाना, एकही खाट नाही, पण नोंद रुग्णालयाची. झेरॉक्सवाला आणि स्टेशनरीवाला एकाच गाळ्यात मधे प्लायवूड घालून बसतात. मालमत्ता क्रमांक एकच, पण शुल्क दोनदा. आणि माझी नोंद 'हॉटेल व उपाहारगृह'.

भाड्याच्या गाळ्यात असाल तर एक काम आजच करा. मालकाला बिलाची पूर्ण प्रत मागा, फक्त आकडा नको. माझे गाळामालक सज्जन आहेत, त्यांनी लगेच दिली. काही ठिकाणी मालक कचऱ्याची रक्कम भाड्यात मिसळून सांगतात आणि भाडेकरूला वर्षानुवर्षं कळतच नाही की आपली नोंद कशात आहे. अर्जावर मालकाची सही किंवा साधं संमतीपत्र लागतं, कारण बिल त्यांच्या नावावर असतं. माझा पहिला अर्ज याच कारणाने परत आला होता.

काटा आणि वही

सगळ्यात जास्त उपयोग याचा झाला, म्हणून सविस्तर सांगते.

माझ्याकडे पीठ मोजायचा इलेक्ट्रॉनिक काटा आहे. चौदा दिवस मी कचरा बाहेर ठेवण्याआधी त्यावर ठेवला. ओल्याचा डबा वेगळा, सुक्याची पिशवी वेगळी. रविवारी बंद असतं, म्हणजे बारा दिवसांच्या नोंदी. शाळेच्या शंभर पानी वहीत पाच रकाने आखले: तारीख, ओला, सुका, गाडी किती वाजता आली, शेरा. गुरुवारी आमच्याकडे आठवडी बाजार, त्या दिवशी ओला नऊ किलोपर्यंत जायचा. एरवी सहा-साडेसहा. सुका एक किलोच्या आसपास, त्यात तेलाच्या रिकाम्या पिशव्या आणि पुठ्ठा. बारा दिवसांचे मिळून 90 किलो झाले, म्हणजे रोजचे साडेसात.

मग मी समोरच्या हॉटेलच्या अण्णांना विचारलं. त्यांच्याकडे बारा टेबलं आहेत, सकाळी इडली ते रात्री जेवण. त्यांनी मनापासून मदत केली. दोन दिवस त्यांच्या निळ्या ड्रमांचं वजन केलं, चाळीस किलोच्या वर गेलं. त्यांनाही महिन्याला 150 आणि मलाही 150. अण्णांना जास्त लावा असं माझं म्हणणं कधीच नव्हतं आणि अर्जातही मी त्यांचं नाव घातलं नाही. तुम्हीही शेजाऱ्याकडे बोट दाखवून आपली तक्रार मांडू नका, गल्ली फुटते. पण आपल्या कचऱ्याचा आकडा आपल्याकडे असला की समोरच्या साहेबांना "अंदाजे" म्हणता येत नाही.

एक लक्षात ठेवा. रोज 100 किलो किंवा त्याहून जास्त कचरा होत असेल तर तुम्ही मोठे कचरा निर्माते ठरता आणि तुमच्यावर ओल्या कचऱ्याची जागेवर विल्हेवाट लावण्याची वेगळी जबाबदारी येते. मंगल कार्यालयवाल्यांनी आणि मोठ्या हॉटेलांनी काटा लावण्याआधी हे ध्यानात घ्यावं. हे सगळं मी साध्या दुकानदारांसाठी लिहिते आहे.

वजन चौदा दिवस पुरे, पण गाडीची वेळ मात्र दोन महिने लिहा. मी मार्च आणि एप्रिल पूर्ण लिहिली. 61 दिवसांत गाडी 38 दिवस आली. रविवारी दुकान बंद असलं तरी समोर राहणाऱ्या मावशींनी खिडकीतून बघून सांगितलं. ज्या दिवशी गाडी आली नाही त्या दिवशी सकाळी अकराला ठेवलेल्या डब्याचा मोबाइलवर फोटो काढला, मागे भिंतीवरचं घड्याळ दिसेल असा. हे दर दिवसाला दोन मिनिटांचं काम आहे. पोळ्या लाटणारी आमची ताई मी विसरले तरी आठवण करायची, "काकू, गाडीचं लिहिलं का?"

आणि ओला-सुका वेगळा करायला लागा, अजून करत नसाल तर. एकत्र कचरा ठेवून तक्रार करायला गेलात तर स्वच्छता निरीक्षक पहिलं वाक्य तेच म्हणतील आणि त्यांचं म्हणणं बरोबर असेल. भाजीची देठं, कोथिंबिरीच्या काड्या, मटारची सालं मी आता शेळ्या पाळणाऱ्या एका ताईंना देते. त्या रोज दुपारी येऊन घेऊन जातात. माझा ओला कचरा निम्म्यावर आला.

कागद मागायचे ते असे

दर "वरून" आले असतील तर तो कागद असणारच. माहितीचा अधिकार अधिनियम 2005 यासाठीच आहे आणि तो वापरायला वकील लागत नाही. महाराष्ट्रात जोडपत्र 'अ'च्या नमुन्यात अर्ज करायचा, त्यावर 10 रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावायचा. दारिद्र्यरेषेखालच्या कार्डधारकांना तोही लागत नाही. अर्ज एकाच विषयावर आणि दीडशे शब्दांच्या आत ठेवा, राज्याच्या नियमात तशी अट आहे. म्हणून मी दोन अर्ज केले.

पहिल्यात शुल्काचे कागद मागितले: शुल्क लागू करणाऱ्या ठरावाची साक्षांकित प्रत, वर्गवारीनिहाय दरांचा तक्ता, माझ्या मालमत्ता क्रमांकाची वर्गवारी ठरवताना झालेल्या सर्वेक्षणाची प्रत, आणि थकबाकीवर शास्ती कोणत्या तरतुदीखाली लावली तो आदेश. दुसऱ्यात गाडीचे: आमच्या गल्लीचा घंटागाडीचा मार्ग आणि वेळापत्रक, मार्च-एप्रिलची गाडीची हजेरी किंवा जीपीएसची नोंद, आणि ठेकेदाराशी झालेल्या करारनाम्याची प्रत. दुसरा अर्ज मी मेच्या पहिल्या आठवड्यात दिला, म्हणजे दोन्ही महिने पूर्ण झाले होते.

"का लावलं", "कोणी ठरवलं", "योग्य आहे का" असे प्रश्न लिहू नका. माहिती अधिकारात कागद मिळतो, कारण विचारलं तर "माहिती उपलब्ध नाही" असं उत्तर येतं. उत्तराला 30 दिवसांची मुदत आहे. आलं नाही किंवा अर्धवट आलं तर पुढच्या 30 दिवसांत प्रथम अपील, त्याला 20 रुपयांचा स्टँप. माझ्या पहिल्या अर्जाला सर्वेक्षणाची प्रत सोडून बाकी सगळं मिळालं. अपील केल्यावर कळलं की सर्वेक्षण झालेलंच नव्हतं. जुन्या व्यवसाय परवान्याच्या यादीवरून वर्गवारी उचलली होती. हे उत्तर लेखी हातात आलं तेव्हाच माझं निम्मं काम झालं.

महिनाभर थांबायचं नसेल तर आणखी एक वाट आहे आणि ती फार थोड्यांना माहीत असते. राज्य शासनाच्या नोव्हेंबर 2018 च्या निर्णयानुसार जिल्हा आणि स्थानिक पातळीवरच्या कार्यालयांत दर सोमवारी दुपारी 3 ते 5 या वेळात नागरिकांना अभिलेख पाहता येतात. मी सोमवारी डब्यांचं काम उरकून गेले. पहिल्यांदा तिथल्या मॅडमनाच हे माहीत नव्हतं, त्यांनी आत विचारून घेतलं आणि मग फाइल दिली. दराचा तक्ता मी तिथेच बसून वहीत उतरवला. त्यात लिहिलेलं होतं, 'बसण्याची व्यवस्था असलेली उपाहारगृहे व हॉटेल : 150' आणि 'सर्व प्रकारची दुकाने : 60'. पहिल्या ओळीतले 'बसण्याची व्यवस्था असलेली' हे तीन शब्द वाचताना माझे डोळे भरून आले. महिनाभर जे मला सांगता येत नव्हतं ते त्यांच्याच कागदावर लिहिलेलं होतं.

अर्ज कसा लिहायचा

अर्ज एका पानाचा. आपलं दुःख त्यात लिहू नका, ते समोर बसून सांगा. माझ्या अर्जाचा मसुदा देते, आपापले तपशील घालून वापरा.

प्रति, मा. मुख्याधिकारी, नगरपरिषद.

विषय : मालमत्ता क्रमांक अमुकवरील घनकचरा उपयोगकर्ता शुल्काची वर्गवारी दुरुस्त करून सुधारित बिल मिळण्याबाबत.

संदर्भ : आपले मागणी बिल क्रमांक व दिनांक.

महोदय, वरील बिलात माझ्या व्यवसायाची नोंद हॉटेल व उपाहारगृह अशी करून दरमहा 150 रुपये आकारणी केली आहे. माझ्या 180 चौरस फुटांच्या गाळ्यात ग्राहकांना बसून खाण्याची व्यवस्था नाही, केवळ पार्सल विक्री होते. आपल्या दरांच्या तक्त्यानुसार 150 रुपयांचा दर बसण्याची व्यवस्था असलेल्या उपाहारगृहांना लागू आहे. तसेच वर्गवारी ठरवताना स्थळपाहणी झाली नसल्याचे आपल्या कार्यालयाने लेखी कळविले आहे. तरी प्रत्यक्ष स्थळपाहणी करून वर्गवारी 'दुकान' अशी दुरुस्त करावी, मागील वर्षाची थकबाकी त्याप्रमाणे सुधारावी, चुकीच्या थकबाकीवर लावलेली शास्ती रद्द करावी आणि निर्णय लेखी कळवावा, ही विनंती.

सोबत : बिलाची प्रत, गाळामालकांचे संमतीपत्र, गाळ्याचे आतील व बाहेरील फोटो, दुकान नोंदणीची प्रत, कचऱ्याच्या वजनाची नोंद, मागील वर्षी दिलेल्या रकमेच्या पावत्या.

पावत्यांचं मात्र माझं नुकसान झालं. बारा महिन्यांचे साठ-साठ रुपये मी दिले होते, पावत्या पाचच सापडल्या. त्या पाच महिन्यांचे 300 रुपये वजा झाले, सात महिन्यांचे 420 मी दुसऱ्यांदा भरले. घंटागाडीबरोबर येणाऱ्या कोणालाही पावतीशिवाय रोख देऊ नका. पावतीवर नगरपरिषदेचं नाव आणि क्रमांक छापलेला हवा. पावतीपुस्तक नसेल तर नम्रपणे सांगा की मी कार्यालयात भरते. त्या पोरावर ओरडू नका, त्याला जे सांगितलंय ते तो करतो.

अर्ज दोन प्रतींत न्यायचा. एक आवक-जावकला द्यायची, दुसरीवर आवक क्रमांक, तारीख, शिक्का घ्यायचा. "ठेवून जा, साहेबांना दाखवतो" असं म्हणाले तरी शिक्का घेतल्याशिवाय उठायचं नाही. शिक्का नसलेला अर्ज दिलाच नाही असं धरा.

तोवर बिलाचं काय करायचं

शास्ती वाढत राहते म्हणून हा प्रश्न सगळ्यांना पडतो. मी असं केलं. मालकांनी मालमत्ता कराची बाकीची रक्कम मार्चअखेर पूर्ण भरली. कचऱ्याच्या रकान्यातली माझ्या मते बरोबर असलेली चालू वर्षाची रक्कम, म्हणजे 720 रुपये, मी चेकने भरायला गेले. खिडकीवर सांगितलं की कॉम्प्युटर अर्धी रक्कम घेत नाही. मग मी चेकसोबत पत्र जोडून तो मुख्याधिकाऱ्यांच्या नावे आवक-जावकला दिला. पत्रात लिहिलं की ही रक्कम हक्क राखून, म्हणजे अंडर प्रोटेस्ट भरत आहे, उरलेल्या रकमेवर माझा अर्ज प्रलंबित आहे. आठवड्याने त्यांनी तो जमा करून घेतला.

काहीच न भरता बसलात तर तुमचा अर्ज बाजूला राहतो आणि तुमचं नाव थकबाकीदारांच्या यादीत जातं. पूर्ण भरून मोकळे झालात तर परत मिळवायला दुप्पट खेटे घालावे लागतात. मधला मार्ग मला बरा वाटला.

साहेब गल्लीत आले तेव्हा

अर्जानंतर वीस दिवस काही झालं नाही. मग मी दर मंगळवारी जाऊन "माझ्या अर्जाचं काय झालं" एवढंच विचारायला लागले. चौथ्या मंगळवारी स्वच्छता निरीक्षक स्वतः पाहणीला आले. त्यांना चहा दिला, गाळा दाखवला, वही दाखवली. त्यांनी वही बराच वेळ चाळली. म्हणाले, "ताई, एवढं तर आमचा मुकादमही लिहीत नाही." पंचनाम्यावर त्यांनी स्वतः लिहिलं की बसण्याची व्यवस्था आढळली नाही. त्या पंचनाम्याची प्रत तिथल्या तिथे मागून घ्या. मी मोबाइलवर फोटो काढला आणि नंतर साक्षांकित प्रत घेतली.

जुलैमध्ये सुधारित बिल आलं. चालू वर्षाचे 720 मी भरलेलेच होते. थकबाकी 1,800 ची 720 झाली, त्यातून पाच पावत्यांचे 300 वजा होऊन 420 उरले. शास्ती गेली.

काम झालं नसतं तर पुढचा टप्पा मी ठरवून ठेवला होता, तोही सांगते. जिल्हाधिकारी कार्यालयात महिन्याच्या पहिल्या सोमवारी लोकशाही दिन असतो. अर्ज विहित नमुन्यात, पंधरा दिवस आधी द्यावा लागतो. तिथे वैयक्तिक गाऱ्हाणीच घेतात, संघटनेच्या लेटरहेडवरचा अर्ज परत येतो. म्हणून अकरा जण असाल तर अकरा अर्ज. शिवाय आपले सरकार पोर्टलवर तक्रार नोंदवून तिचा टोकन क्रमांक ठेवता येतो. जिल्हाधिकारी कार्यालयातली नगरपालिका प्रशासन शाखा हे नगरपरिषदेच्या वरचं दार आहे, हे बऱ्याच दुकानदारांना माहीत नसतं.

दर कमी करून घ्यायचा असेल तर

हे एकट्याचं काम नाही. आमच्याकडे 2023 साली प्रशासक होते. मुदत संपून निवडणुका लांबल्या होत्या, त्यामुळे ज्यांच्यापुढे जाऊन बोलावं असा नगरसेवकच नव्हता. ठरावही प्रशासकीय. डिसेंबर 2025 च्या निवडणुकांनंतर आता सभागृह आहे. त्यामुळे आपल्या प्रभागातल्या नगरसेवकाला सभेपुढे विषय ठेवायला सांगता येतं. अर्थसंकल्पाआधी, म्हणजे जानेवारीतच सांगा.

लोकांनी बोलल्यावर फरक पडतो, हे दोन शहरांत दिसलं. पिंपरी-चिंचवडमध्ये 2023 साली मालमत्ता कराच्या बिलातच हे शुल्क आलं, तेव्हा विरोध एवढा झाला की शासनाने वसुलीला स्थगिती दिली. मुंबई महापालिकेने 1 एप्रिल 2025 ला घनकचरा उपविधींचा मसुदा काढला आणि त्यावर 31 मेपर्यंत हरकती-सूचना मागवल्या. त्या मसुद्यात 50 चौरस मीटरपर्यंतच्या घरालाही महिना 100 रुपये सुचवले होते. हरकतींची मुदत ही खरी वेळ असते. आपल्या गावात अशी जाहीर सूचना नगरपरिषदेच्या फलकावर लागते आणि एखाद्या स्थानिक दैनिकात आतल्या पानावर येते. आम्ही आता गल्लीतल्या एका पेपरवाल्या दादांवर ते काम सोपवलंय. ते रोज बघतात.

हरकत लिहिताना "दर कमी करा" एवढंच लिहू नका. आम्ही लिहिलं की दुकानांना एकच सरसकट दर न लावता क्षेत्रफळ आणि कचऱ्याचं प्रमाण धरावं, बंद गाळ्याला शुल्क नसावं, आणि महिन्यात ठराविक खेपा चुकल्या तर त्या महिन्याचं शुल्क कमी व्हावं. यातल्या शेवटच्या मागणीला आधार करारनाम्यात मिळाला. गाडी चुकली तर दर खेपेला ठेकेदाराला दंड, असं कलम त्यात होतं. आणि आमच्या वहीप्रमाणे 23 दिवस गाडी आली नव्हती, त्या दोन महिन्यांचं देयक मात्र पूर्ण अदा झालं होतं. हा कागद आम्ही अकरा जणांनी मिळून मुख्याधिकाऱ्यांपुढे ठेवला. तिथे कोणी आवाज चढवला नाही. नंतर गाडी नियमित यायला लागली, पावसाळ्यात पुन्हा ढिली पडली. शुल्ककपातीची मागणी अजून मंजूर नाही, आम्ही ती दर वर्षी देतो.

त्या बैठकीच्या आधी आमच्यातल्या दोघांचं म्हणणं होतं की सगळा कचरा नेऊन नगरपरिषदेच्या दारात ओतू. मी ठाम नाही म्हटलं. रस्त्यावर कचरा टाकणं नियमाने दंडनीय आहे, हे झालंच. पण तो ढीग साहेब उचलणार नाहीत. सकाळी सहाला झाडू घेऊन येणाऱ्या बायका उचलणार, हातमोजे नसलेल्या हातांनी. त्यातल्या दोघी माझ्याकडून रोज दोन पोळ्या आणि भाजी घेऊन जातात. त्यांचा पगार आम्ही भरतो त्या शुल्कातूनही जातो आणि तो वेळेवर व्हावा असं मला मनापासून वाटतं. सफाई कामगारांना गणवेश, हातमोजे, बूट मिळतात का, हेही आम्ही त्याच निवेदनात विचारलं. तुमच्या निवेदनात हा मुद्दा असू द्या.

फाइल जपून ठेवा

2024 च्या फेब्रुवारीत नवं बिल आलं. त्यावर पुन्हा 'हॉटेल व उपाहारगृह' छापलेलं होतं, 1,800 रुपये. संगणकातली जुनी नोंद कोणी बदललीच नव्हती, फक्त माझं एक बिल सुधारलं होतं. मी पिवळ्या फाइलमधून पंचनाम्याची प्रत आणि जुलैचं सुधारित बिल काढलं, झेरॉक्स काढून खिडकीवर दिलं आणि सांगितलं की मूळ नोंदवहीत दुरुस्ती करा आणि मला नोंदीचा उतारा द्या. त्या दिवशी डबे वेळेवर निघाले. बिल हातात पडल्यावर तुम्हीही आधी वर्गवारीचा रकाना बघा, रक्कम नंतर.